गावाचा विकास आराखडा आणि आपली जबाबदारी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



ग्रामपंचायतीचा विकास आराखडा हा विषय आपणांस रुक्ष वाटेल. परंतु आपल्या वस्तीत नळ, गटार येणार की नाही, हे याच कागदावर ठरते.

ठराव आणि काम यांतले अंतर आपला समाज चांगलेच जाणतो. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्याला अनुसरून १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. तळे खुले झाले ते कागदावर! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो बांधवांसह तळ्यावर गेले, तेव्हा कुठे त्या ठरावात प्राण आला. त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव मागे घेतला आणि कोर्टातला लढा १९३७ पर्यंत चालला.

ग्रामपंचायतीत अस्पृश्यांना राखीव जागा हव्यात, असा आग्रह बाबासाहेबांनी १९३२ सालीच मुंबई विधिमंडळात धरला होता. २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने राखीव जागा आणि ग्रामसभा या दोहोंना घटनेचा आधार दिला. पुढे २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतींना मिळू लागला आणि महाराष्ट्रात ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा उपक्रम आला. सरपंच, सदस्य, शिक्षक, अंगणवाडीताई, आशाताई, बचतगट यांनी एकत्र बसावे, गावफेरी काढावी, गरजांचा क्रम लावावा आणि ग्रामसभेने तो मंजूर करावा, अशी ही रीत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के निधी पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला. शिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च व्हावी, असा नियम आहे.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. आम्ही नोकरीनिमित्त तालुक्याला राहतो, सुट्टीला गावी जातो. त्या वर्षी महिला सभेत आमच्या वस्तीतल्या बायाबापड्यांनी मागच्या आळीला गटार मागितले होते. आम्ही पुरुष मंडळींनी मात्र ग्रामसभेत समाजमंदिरापुढे फरशीचा आग्रह धरला. शिकलेले म्हणून आमचेच ऐकले गेले. १५ टक्क्यांतली रक्कम फरशीत गेली. पावसाळ्यात मागच्या आळीत घराघरांत पाणी शिरले. आमच्या मावशी एवढेच म्हणाल्या, “बाळा, अंगण लई झ्याक झालं. पर चुलीत पाणी आलं.” दोष ग्रामपंचायतीला देता आला नाही. क्रम आम्हीच चुकवला होता.

पुढल्या वर्षी आम्ही गप्प बसून बायकांचे म्हणणे लिहून घेतले. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, इतिवृत्तात नोंद झाल्याची खात्री केली. अंदाजपत्रक पंचायत समितीत अडकले, तेव्हा दर सोमवारी वस्तीतले कोणीतरी जाऊन विचारू लागले. गटार व्हायला चौदा महिने लागले, पण झाले.

बँकेत आम्ही रोज पाहतो, स्लिप भरली म्हणजे पैसे जमा झाले असे नव्हे. नोंद पासबुकात दिसली पाहिजे. ठराव ही स्लिप आहे, झालेले काम हे पासबुक.

म्हणून विनंती एवढीच. ग्रामसभेला जा. त्याआधी महिला सभेला घरच्या स्त्रियांना आवर्जून पाठवा आणि त्या काय मागतात ते आधी ऐका. जे मागाल ते लेखी मागा. १५ टक्के निधी कुठे खर्च झाला, ते विचारा. आणि आमच्यासारखे जे गाव सोडून नोकरीत स्थिरावले आहेत, त्यांनी आपली अक्कल गावावर लादण्याऐवजी अर्ज लिहून देण्याचे काम करावे.