मत आहे, पण माप कोणाच्या हातीं?

(गांवच्या वाचनालयांत एका शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



आज मी अमेरिकेच्या राज्यकारभाराविषयीं चार शब्द सांगणार आहें. कोणी म्हणेल, "मास्तर, आमच्या विहिरी आटल्या, बियाण्याचा भाव गगनाला भिडला, आणि तुम्ही सातासमुद्रापलीकडच्या गोष्टी काय सांगतां?" प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या देशानें राजा झुगारून लोकांच्या मतावर राज्य उभें केलें, तेथील मतदारच आज "मत देऊन काय उपयोग?" असें विचारूं लागला आहे. मत हें आपलेंही हत्यार आहे. दुसऱ्याच्या हातांतलें तेंच हत्यार कशानें बोथट झालें, हें पाहून ठेवलेलें बरें. शिवाय त्या देशाशीं आपलें जुनें नातें आहे. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक लिहिलें, तें अमेरिकेंत गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या सज्जनांना अर्पण केलें. त्या लोकांच्या देशांत आज काय चाललें आहे, हें विचारण्याचा आपणांस हक्क आहे.

मतदार निराश झाला हें कशावरून? गॅलप नांवाची एक संस्था तेथील लोकांचा कौल घेत असते. वर्तमानपत्रें, रेडिओ व दूरदर्शन यांच्यावर भरंवसा आहे असें सांगणारे १९७६ सालीं शंभरांत ७२ होते. २०२४ सालीं ते ३१ उरले. २०१६ च्या अध्यक्षाच्या निवडणुकीत मताचा हक्क असलेल्या दहांपैकीं सुमारें चार जण घरींच बसले. हे लोक आळशी नाहींत. त्यांच्या मनांत कांहीं गाऱ्हाणीं आहेत, तीं एकेक करून पाहूं.

पहिलें गाऱ्हाणें मापाचें. अमेरिकेचा अध्यक्ष लोकांच्या मतांच्या सरळ बेरजेनें ठरत नाहीं. प्रत्येक राज्याच्या वांट्याला ठराविक निर्वाचक येतात. ते सगळे मिळून ५३८ आणि ज्याला २७० मिळाले तो अध्यक्ष. बहुतेक राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक! म्हणून २००० सालीं अल् गोर यांना देशभरांत पांच लाखांहून अधिक मतें जास्त पडूनही अध्यक्ष झाले जॉर्ज बुश. २०१६ सालीं हिलरी क्लिंटन यांना सुमारें २८ लाख मतें जास्त पडलीं, अध्यक्ष झाले डोनल्ड ट्रंप. आतां वायोमिंग राज्य घ्या. वस्ती सहा लाखांहून कमी, निर्वाचक तीन. कॅलिफोर्नियाची वस्ती चार कोटींच्या जवळ, निर्वाचक ५४. शाळेंतल्या पोरानेंही भागाकार केला तर दिसेल कीं वायोमिंगच्या माणसाचें वजन कॅलिफोर्नियाच्या माणसाच्या जवळजवळ चौपट पडतें. सिनेट नांवाच्या वरिष्ठ सभेंत तर दोघांनाही दोनदोनच जागा. मापांत पाप असलें म्हणजे धान्य कितीही चोख असो, शेतकरी बुडतोच.

दुसरें गाऱ्हाणें बांधाचें. बांध कोरणें म्हणजे काय हें तुम्हांस मी सांगावयास नको. तेथें मतदारसंघांचे बांध पुष्कळ राज्यांत सत्तेवर बसलेला पक्षच आंखतो. समजा, एका गांवांत पंचवीस मतदार आणि पांच-पांच जणांचे पांच वॉर्ड आहेत. पंधरा मतदार कुंभारांच्या पक्षाचे, दहा सावकाराच्या पक्षाचे. सावकारानें रेघा ओढतांना तीन वॉर्डांत आपले तीन-तीन व कुंभारांचे दोन-दोन घातले, आणि उरलेले सगळे कुंभार बाकीच्या दोन वॉर्डांत कोंबले. निकाल काय? दहा मतांना तीन जागा, पंधरा मतांना दोन! मॅसॅच्युसेट्स राज्यांत १८१२ सालीं गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनीं अशाच वेड्यावांकड्या रेघांच्या कायद्यावर सही केली, तेव्हांपासून या लबाडीला त्यांचेंच नांव चिकटलें. दोन्ही पक्ष हा धंदा करतात. २०१९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं पक्षाच्या फायद्यासाठीं कोरलेल्या बांधाचा तंटा केंद्राच्या न्यायालयांनीं सोडवावयाचा नाहीं. मग गरिबानें जावें कोठें?

तिसरें गाऱ्हाणें पैशाचें. याच न्यायालयानें २०१० सालीं पांच विरुद्ध चार न्यायाधीशांच्या मतानें असा निकाल दिला कीं कंपन्यांनीं व मजूरसंघांनीं निवडणुकीच्या प्रचारावर स्वतंत्रपणें केलेल्या खर्चाला मर्यादा घालतां येत नाहीं; पैसा खर्चणें हा बोलण्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. ऐका बंधूंनो! पैसा म्हणजे बोलणें. तर मग ज्याच्याजवळ पैसा नाहीं तो मुकाच ठरला कीं नाहीं? २०२४ च्या निवडणुकीत इलॉन मस्क या एका धनिकानें २५ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम ओतली. पोटापुरतें मिळविणाऱ्या सुताराचें मत आणि या गृहस्थाचें मत कागदावर सारखें खरें, पण पुढाऱ्याच्या कानाशीं कोण बसेल?

चौथें गाऱ्हाणें बातमीचें, आणि तें सर्वांत मोठें आहे. १९४९ पासून तेथें असा नियम होता कीं रेडिओ-दूरदर्शनवाल्यांनीं वादाच्या सार्वजनिक प्रश्नावर दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. १९८७ सालीं तो रद्द झाला. केबलवरून चालणाऱ्या वाहिन्यांना तर तो बंधनकारक नव्हताच. १९९६ च्या कायद्यानें देशभरांत एका मालकानें किती रेडिओ केंद्रें बाळगावींत ही मर्यादाही उठली आणि थोड्याच वर्षांत एका कंपनीच्या हातीं हजारांवर केंद्रें गेलीं. इकडे गांवोगांवचीं लहान वर्तमानपत्रें बंद पडत गेलीं. २००५ पासून तेथील एकतृतीयांशाहून अधिक पत्रें मेलीं. गांवच्या सभेंत कोणीं काय ठराव केला हें छापणारा उरला नाहीं. राजधानींतील भांडण मात्र रात्रंदिवस घरांत ऐकूं येतें.

आणि हें भांडण म्हणजे माल झाला आहे. माणूस चिडला म्हणजे पाहत बसतो, पाहत बसला म्हणजे जाहिरात खपते. २०१६ सालीं सीबीएस या वाहिनीचा मुख्याधिकारी उघडपणें म्हणाला कीं हा निवडणुकीचा तमाशा देशाच्या हिताचा नसेल, पण आमच्या गल्ल्याला मोठा हितकारक आहे. २०२० च्या निवडणुकीनंतर फॉक्स वाहिनीवरून मतयंत्रांच्या लबाडीच्या खोट्या गोष्टी सांगण्यांत आल्या. यंत्रें करणाऱ्या डोमिनियन कंपनीनें दावा लावला, तेव्हां उघड झालें कीं कांहीं निवेदकांचा खासगींत त्या गोष्टींवर विश्वासच नव्हता. एप्रिल २०२३ मध्यें फॉक्सनें ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन दावा मिटविला. पण मध्यंतरीं त्या खोट्यावर विसंबलेला जमाव ६ जानेवारी २०२१ रोजीं देशाच्या कायदेमंडळावर चालून गेला होता. दुसऱ्या बाजूचे सोवळे आहेत असेंही नाहीं. २००३ सालीं इराकवर लढाई लादली ती तेथें भयंकर शस्त्रें आहेत असें सांगून. 'न्यू यॉर्क टाइम्स' सारख्या मानी पत्रानेंही त्या बातम्या पुरत्या न पारखतां छापल्या; शस्त्रें सांपडलीं नाहींत. पत्रानें मे २००४ मध्यें आपली चूक कबूल केली, पण मेलेले जवान व इराकी बायामुलें कबुलीनें परत येत नाहींत.

तर मग तेथील मतदार म्हणतो, "सगळेच चोर! मत नको, बातमी नको." बंधुभगिनींनो, येथें मात्र मी त्याच्याशीं सहमत नाहीं. सगळेच चोर म्हणून घरांत बसणारा माणूस चोराला सर्वांत आवडतो. रानांतला राखणदार रुसून घरीं गेला तर डुकरांना दुसरें काय हवें? आणि मताला किंमत नाहीं असेंही नाहीं. २००० सालीं फ्लोरिडा राज्यांत सुमारें साठ लाख मतांपैकीं अवघ्या ५३७ मतांच्या फरकानें साऱ्या देशाचा अध्यक्ष ठरला. आणि २०२० सालीं मायकेल ब्लूमबर्ग या धनाढ्यानें पक्षाची उमेदवारी मिळावी म्हणून सुमारें शंभर कोटी डॉलर खर्च केले, तरी लोकांनीं त्याला पिटाळून लावलें. पैसा बोलतो, पण दरवेळीं जिंकत नाहीं.

याच अमेरिकेंतील शेतकऱ्यांचा एक दाखला सांगतों. सव्वाशतकाहून अधिक काळापूर्वीं तेथील कुणबीही कर्जांत बुडाला होता, रेल्वे कंपन्या वाटेल तें भाडें उकळीत होत्या आणि दोन्ही मोठे पक्ष त्याला विचारीत नव्हते. त्यानें १८९२ सालीं ओमाहा येथें आपला लोकपक्ष उभा केला. शेकडों लहान साप्ताहिकें त्याच्या बाजूनें लिहूं लागलीं. मोठीं पत्रें त्यांना अडाणी म्हणून हंसलीं. त्यांच्या उमेदवाराला त्या सालीं दहा लाखांवर मतें पडलीं. तो हरला आणि पुढें पक्षही विरला. पण त्यांच्या दोन मागण्या, श्रीमंतांच्या उत्पन्नावर कर आणि सिनेटरांची थेट लोकांकडून निवड, यांच्यासाठीं १९१३ सालीं घटना बदलावी लागली. एकवीस वर्षें लागलीं, पण लागू झाल्या. हरलेलें मतही वायां जात नाहीं, तें मागणी होऊन जमिनींत राहतें.

आतां आपल्यापुरतें बोलूं. हल्लीं बातमी प्रत्येकाच्या खिशांतल्या मोबाइलवर येते. बियाणें घेतांना आपण दाणा दांतानें फोडून पाहतों, गाय घेतांना दूध काढून पाहतों. बातमी मात्र न पारखतां घेतों आणि दहा जणांना वांटतों. यापुढें प्रत्येक बातमीला चार प्रश्न विचारा. ही सांगणारा कोण? त्याचें पोट कशावर भरतें? ज्याच्याविरुद्ध सांगितलें त्याचें म्हणणें त्यांत आहे काय? आणि ती वाचून मला नुसता राग येतो, कीं कांहीं कळतें? ज्या बातमीनें केवळ शेजाऱ्याविषयीं राग येतो व ज्ञान तिळभरही वाढत नाहीं, ती बातमी नव्हे, तो माल आहे. आणि त्याची किंमत तुम्हीच देत आहां.

तसेंच गांवचा कारभार डोळ्यांआड होऊं देऊं नका. ग्रामसभेला जा, हिशेब मागा, मुलींना व सुनांनाही बरोबर न्या. जो माणूस गांवच्या पाण्याचा हिशेब विचारूं शकतो, त्याला देशाचा हिशेब विचारण्याची भीति वाटत नाहीं.

अमेरिकेच्या मतदाराचें दुखणें खरें आहे. त्याच्या हातीं मत आहे, पण माप, बांध, थैली आणि बातमी दुसऱ्यांच्या हातीं गेलीं. तीं परत आणण्याचा रस्ता मतपेटीवरूनच जातो, तिच्याकडे पाठ फिरवून नाहीं. हें आपण ध्यानीं ठेवावें, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.