खेळ संपल्यानंतरचा वाद

(चित्रपट-मंडळाच्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाची संहिता)



पडद्यावरचा खेळ संपून दिवे लागले की खरा कार्यक्रम सुरू होतो, असे चित्रपट-मंडळांतील जुनी मंडळी सांगतात. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण खोटे काही नाही. जिन्यावर, बसथांब्यावर, इराण्याच्या हॉटेलात एका चहावर तासदीडतास रंगलेल्या वादांनी मराठी सुशिक्षितांच्या दोन पिढ्यांना चित्रपट पाहायला शिकवले. त्या वादांत आढ्यता होती, परदेशी दिग्दर्शकांची नावे एकमेकांच्या अंगावर फेकण्याची हौसही होती. तरीही ज्याने नुकतेच काही पाहिले आहे असा माणूस दुसऱ्याला ‘तुला ते दिसले नाही का?’ असे विचारतो, तेव्हा समीक्षेचा आरंभ झालेला असतो. त्यासाठी पदवी लागत नाही.

या वादाला अलीकडे एक दुखणे जडले आहे. खरे तर ते जुनेच आहे, आणि पुरोगामी म्हणवणाऱ्या रसिकांत ते अधिक बळावलेले दिसते. विषय चांगला म्हणून चित्रपट चांगला, असा हा हिशेब. चित्रपट दलितांवर आहे का? स्त्रीच्या मुक्तीवर आहे का? सावकार खलनायक आहे ना? मग पुढे पाहण्याचे कारण उरत नाही. टाळ्या द्याव्यात आणि घरी जावे. अशा वेळी चर्चा चित्रपटाची होत नाही, त्याच्या जाहीरनाम्याची होते. जाहीरनामा वाचण्यासाठी दोन तास अंधारात बसण्याची गरज नाही.

वाद कसा घालावा याचे एक मातब्बर उदाहरण बंगालमध्ये आहे. मृणाल सेन यांचा ‘आकाशकुसुम’ १९६५ साली प्रदर्शित झाला. निम्न मध्यमवर्गातला एक तरुण श्रीमंत असल्याची बतावणी करून एका सुखवस्तू घरातल्या मुलीचे मन जिंकू पाहतो आणि अखेर उघडा पडतो, अशी त्याची कथा. सेन यांनी ती स्थिरचित्रांचा व गोठवलेल्या चौकटींचा वापर करीत, फ्रेंच नवचित्रपटाच्या वळणाने सांगितली होती. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ दैनिकाच्या पत्रव्यवहाराच्या सदरात या चित्रपटावर वाद पेटला. कथालेखक आशीष बर्मन, खुद्द सेन आणि सत्यजित राय असे तिघेही त्यात उतरले, आणि अखेर संपादकांनाच त्यावर पडदा टाकावा लागला. वादाचा मुद्दा एका शब्दाचा होता : समकालीन. या तरुणाची धडपड आजच्या काळाची आहे, असे कर्त्यांचे म्हणणे. मोराची पिसे खोचून मिरवणाऱ्या इसापच्या कावळ्याहून हा तरुण निराळा कशात आहे, असे राय यांचे विचारणे. नायक गरीब आहे एवढ्यावर राय यांनी गुण दिले नाहीत. चौकट गोठवली म्हणून आशय नवा होतो, हेही त्यांनी मान्य केले नाही. १९४७ साली चिदानंद दासगुप्ता आदी मित्रांसह कलकत्ता फिल्म सोसायटी उभारणाऱ्या माणसाला वाद सभ्यपणे पण निर्दयपणे कसा घालावा, हे ठाऊक होते.

मात्र राय यांनाही या कसोटीतून सूट देण्याचे कारण नाही. सेन यांचा ‘भुवन शोम’ १९६९ साली आला आणि चित्रपट वित्त महामंडळाच्या तुटपुंज्या कर्जावर नवे काही करता येते, हे त्याने दाखवून दिले. दोन वर्षांनी भारतीय नवचित्रपटाचा परामर्श घेताना राय यांनी त्याची वासलात इंग्रजीतल्या सात शब्दांत लावली. एका मग्रूर नोकरशहाला खेड्यातली पोर सुधारते, एवढाच त्याचा ऐवज आहे, असा त्या शब्दांचा रोख होता. वाक्य चटकदार असल्यामुळे ते अजून तोंडी फिरते. पण चित्रपटाचा शेवट काय सांगतो? शिस्तीचे कर्दनकाळ शोमसाहेब सौराष्ट्राच्या वाळवंटातून परततात ते मोकळे होऊन. लाच घेणाऱ्या तिकीट तपासनीसाला ते माफ करतात आणि त्याची बदली मोठ्या जंक्शनवर होते. तिथे वरकमाई अधिक, म्हणून गडी खूष! आता साहेब सुधारले म्हणायचे की बिघडले? सात शब्दांत हा प्रश्न मावत नाही. मोठ्या माणसानेही शेवटच्या रिळाकडे दुर्लक्ष करून निकाल दिला, तर तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकाने उठून ते सांगितले पाहिजे. वादाचे मोल ते इथे.

आता समाजवादी मंडळींच्या जिव्हाळ्याचा चित्रपट घेऊ. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ १९७६ साली, आणीबाणीच्या काळात आला. गुजरातच्या सहकारी दूधसंघाच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घातले आणि त्या दहा लाखांवर तो उभा राहिला. पटकथा विजय तेंडुलकरांची. भांडवलदाराच्या पैशावाचून उत्पादकांनी स्वतःचा चित्रपट काढावा, यापरते अप्रूप ते काय! त्यामुळे या चित्रपटावर बोलताना पुष्कळांची जीभ आजही मऊ होते. २०२४ साली त्याची नवी, दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा या दोन रुपयांची गोष्ट पुन्हा सर्वत्र सांगितली गेली. चित्रपटाची गोष्ट तेवढ्या बारकाईने कोणी सांगितली नाही.

इतिहास असा आहे की खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी आधी पोल्सन कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध दूध बंद केले आणि १९४६ साली त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली स्वतःचा संघ काढला. वर्गीज कुरियन आणंदला आले ते १९४९ साली. म्हणजे आधी लढा, मग संघटना, त्यानंतर तज्ज्ञ. ‘मंथन’मधला क्रम नेमका उलटा आहे. शहरातून डॉक्टर राव येतात, ते गावाला जागे करतात, मग गाव लढते. हा क्रम खोटा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. आणंदचा नमुना इतरत्र नेण्यासाठी तज्ज्ञांच्या तुकड्या गावोगाव गेल्या होत्या, आणि चित्रपट त्या टप्प्याचा आहे. तरीही प्रश्न उरतोच. शेतकऱ्यांच्या पैशाने निघालेल्या चित्रपटात शेतकरी जागा व्हायला साहेब का लागतो?

याचे उत्तर देणगीच्या पावतीत सापडणार नाही, ते पडद्यावरच शोधावे लागेल. चित्रपटाच्या आरंभी आगगाडी स्थानकात येते आणि राव उतरतात. स्वागताची मंडळी उशिरा पोचतात, कारण गाडी चक्क वेळेवर आलेली असते! शेवटीही गाडीच आहे. रावांची बदली झालेली असते, आणि त्यांना थांबवायला धावत आलेला भोला पोचेपर्यंत गाडी सुटलेली असते. दोन्ही वेळा गाव आणि गाडी यांची चुकामूक होते. फरक एवढाच की पहिल्या वेळी गाव ओशाळे होऊन हसते आणि दुसऱ्या वेळी ते माघारी फिरून स्वतःच्या कामाला लागते. दिग्दर्शकाने हे दोन प्रसंग समोरासमोर ठेवून साहेबाचा चित्रपट अखेरीस साहेबाकडून काढून घेतला, असे म्हणता येते. साहेब गेल्यावरच भोलाला नायक होता येते, म्हणून चित्रपट साहेबाचाच राहतो, असेही म्हणता येते. दोन्ही बाजूंना पुरावा आहे. असा पुरावा काढून दाखवणे म्हणजे वाद. सहकार थोर की नाही यावर हात वर करून मत देणे म्हणजे वाद नव्हे.

मग बिंदूचे काय? स्मिता पाटील यांनी उभी केलेली ही स्त्री चित्रपटातले सर्वांत जिवंत माणूस आहे. म्हशीची धार तिच्या हातची, डेअरीला दूध घालण्याचा पहिला संशय तिचा आणि पहिला विश्वासही तिचाच. पुढे रावांवर बालंट आणणाऱ्या कागदावर तिच्याकडून अंगठा उठवून घेतला जातो, आणि तिथून तिची वाट चित्रपटाला सापडत नाही. सोसायटी भोलाच्या हाती जाते, बिंदू दाराआडच राहते. देशातले दूध मुख्यत्वे बायांच्या हातचे असते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही जागा टोचली पाहिजे. ‘मंथन’ थोर आहे असे मानणाऱ्यानेच हे बोलावे. निंदकाला त्याची गरज नाही.

उलट बाजूचे दुखणे थोडक्यात उरकता येईल. आशयाचे नाव काढले की ज्यांच्या कपाळाला आठी पडते आणि जे प्रकाशयोजनेपाशी सुरू होऊन प्रकाशयोजनेपाशीच संपतात, असे रसिक प्रत्येक मंडळात दोन-चार असतात. ते निरुपद्रवी असतात. बिंदूला चित्रपट कोणत्या बाजूने पाहतो, कोणत्या क्षणी तिच्याकडे पाठ फिरवतो, हा कॅमेऱ्याचाच प्रश्न आहे, हे त्यांच्या लक्षात आणून दिले की त्यांचीही मदत होते.

अधिक गंभीर गोष्ट वेगळी आहे. हा वाद घालतो कोण? चित्रपट-मंडळांची चळवळ जन्मापासून दोन दरवाजांची राहिली आहे. लंडनमध्ये १९२५ साली स्थापन झालेल्या फिल्म सोसायटीने १९२९ साली आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ दाखवला. सर्वसाधारण ब्रिटिश प्रेक्षकांना तो त्यानंतर पंचवीस वर्षे बंदच होता. म्हणजे खलाशांच्या बंडाचा चित्रपट सभासद बुद्धिमंतांना चालत होता, खलाशांना नव्हे. त्याच्या आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये लेऑं मुसिनाक आदींनी ‘स्पार्टाकसचे मित्र’ या नावाने कामगारांसाठी मंडळ काढले. त्याला हजारो सभासद मिळाले आणि काही महिन्यांतच पोलिसांनी ते बंद पाडले. सत्तेला चित्रपटाची भीती वाटत नाही. तो कोण, किती संख्येने पाहतो आणि नंतर काय बोलतो, याची वाटते.

भारतातल्या मंडळांनी या दोन वाटांपैकी बहुधा पहिली धरली. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून मराठी रसिकांत हे काम करीत आले. पुण्याला १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, विशेषतः पी. के. नायर यांच्या काळात, सोळा मिलिमीटरच्या प्रती गावोगावच्या मंडळांना पुरवल्या. हे ऋण मोठे आहे. पण सेन्सॉरच्या कात्रीतून मिळालेली सवलत ही सभासदांपुरती होती, आणि त्या सवलतीपायीच नोंदणीची रांग लांबली, हेही काही गुपित नाही. दार लोटून घेतल्यावर आत घातलेला वाद कितीही सूक्ष्म असला तरी तो बाहेर ऐकू जात नाही. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या ‘ओडेसा’च्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट चोखाळली. गावोगाव चित्रपट दाखवत, लोकांकडून वर्गणी गोळा करत त्यांनी १९८६ साली ‘अम्मा अरियान’ पुरा केला आणि तो पुन्हा लोकांतच नेला.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४ साली महाराष्ट्रात प्रदर्शित झाला तेव्हा या प्रश्नाची धार जाणवली. डुकरामागे धावणारे जब्याचे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभे राहते, आणि डुक्कर निसटते. पुढे मेलेले डुक्कर खांद्यावर घेऊन बाप-लेक चालतात ते शाळेच्या भिंतीवरून, जिच्यावर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रे रंगवलेली आहेत. कोणी भाषण करीत नाही. अखेरीस जब्याने भिरकावलेला धोंडा सरळ प्रेक्षकाच्या रोखाने येतो. तो धोंडा आपल्यालाच बसला, असे शहरातल्या चर्चांत पांढरपेशा रसिक हळहळून सांगतात. प्रामाणिकपणेच सांगतात. पण चित्रपट पाहणाऱ्यांत धोंडा उचलणाराही बसलेला असतो, त्याला तो येताना दिसत नाही, जाताना दिसतो. भिंतीवरच्या चित्रांकडे त्याने कसे पाहिले? राष्ट्रगीताला उभे राहिलेल्या बापाचा त्याला राग आला की कीव? धोंडा पडद्यातच राहिला असता तर त्याला अधिक बरे वाटले असते का? या प्रश्नांची उत्तरे मंडळाच्या इतिवृत्तांत सापडत नाहीत, कारण तो चर्चेला थांबलेलाच नसतो. त्याला मत नसते म्हणून नव्हे. तालुक्याच्या गावी मंडळाचा खेळ साडेसहाला लागतो, नऊला सुटतो, अध्यक्षांचे प्रास्ताविक सव्वानऊपर्यंत चालते, आणि त्याच्या गावाकडची शेवटची एस. टी. त्याआधीच सुटलेली असते. खेळ दुपारी तीनला लावता येतो. प्रास्ताविक गाळता येते.