बिघडलेली पत पुन्हा उभी करताना

(नवापूर तालुक्यातील मंडळ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे ‘आदिवासी कुटुंब आणि कर्ज’. तो फार मोठा आहे. जेवणाची वेळ जवळ आली आहे हेही मला दिसते. म्हणून त्यातला एकच तुकडा घेते. ज्याचे नाव बँकेत एकदा खराब झाले, त्याला ते पुन्हा चांगले करता येते का? येते. त्याला वेळ लागतो आणि त्याची रीत आहे.

आपल्या लोकांना कर्ज नवे नाही. ऊसतोडीचा मुकादम ऐन पावसाळ्यात, घरात दाणा नसताना उचल देतो आणि दिवाळीनंतर ती फेडायला नवरा-बायको कोयता घेऊन गुजरातेत जातात. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या पैशांपायी मालकाकडे वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसाला ‘लगीनगडी’ म्हणत. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. पण त्या कर्जांत एक गोष्ट सारखी होती. हिशेब मालकाच्या नाहीतर मुकादमाच्या वहीत असे, आणि ती वही कर्जदाराला कधी बघायला मिळत नसे.

आता वही कॉम्प्युटरमध्ये आहे. बँक, फायनान्स कंपनी, बचत गटासारखा गट करून आठवड्याला हप्ता गोळा करणारी मायक्रोफायनान्स कंपनी, या सगळ्या आपल्या कर्जाची माहिती पत-माहिती कंपन्यांकडे पाठवतात. देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल सगळ्यांत जुनी, म्हणून गावात आपण सगळ्यालाच ‘सिबिल’ म्हणतो. ३०० ते ९०० मधला एक आकडा मिळतो, त्याला स्कोअर म्हणतात. मुकादमाच्या वहीत आणि या वहीत एक मोठा फरक आहे. ही वही बघण्याचा आपल्याला हक्क आहे. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून तसे बंधनकारक केले आहे. आमच्याकडे येणाऱ्या दहा माणसांपैकी एकानेही तो आधी पाहिलेला नसतो.

एका ताईची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, त्या इथे बसल्या असतील किंवा नसतीलही. त्यांनी गटातून शेळ्यांसाठी कर्ज घेतले होते. पुढे २०२० ची टाळेबंदी आली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्त्यांना सवलत दिली होती, पण सवलत म्हणजे माफी नव्हे, हे त्यांना कोणी समजावले नाही. नंतर कुटुंब ऊसतोडीला गेले. परत आल्यावर वसुलीवाला दारात उभा. तो म्हणाला, एवढे भरा, बाकीचे सोडतो, विषय संपला. ताईंनी कानातले विकून पैसे भरले. त्यांच्या दृष्टीने विषय खरोखर संपला होता.

चार वर्षांनी मुलगी बारावी झाली आणि नर्सिंगला नंबर लागला. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात आणि बँक त्यांचाही अहवाल बघते. बँकेतून उत्तर आले, आईचे सिबिल खराब आहे. मुलगी घरी येऊन आईशी दोन दिवस बोलली नाही. त्या मुलीला वाटले, आईने काहीतरी लपवले. आईला तर काय लिहिले आहे हेच ठाऊक नव्हते.

आम्ही अहवाल काढला. पहिली गोष्ट दिसली ती अशी की शेळ्यांच्या कर्जासमोर ‘सेटल्ड’ असे लिहिले होते. ऐकायला चांगला शब्द वाटतो, मिटले असा. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ ‘पूर्ण पैसे आले नाहीत, कमी घेऊन मिटवले’ असा होतो. पूर्ण फेडले तर ‘क्लोज्ड’ लिहितात. मुलीचे कर्ज या एका शब्दावर अडकले होते.

दुसरी गोष्ट अशी की एका मोटारसायकलचे कर्ज त्यांच्या नावावर होते. या ताईंच्या घरात सायकलसुद्धा नाही! आपल्याकडे गावित, वळवी, पाडवी, वसावे अशी मोजकी आडनावे, त्यात तेच नाव, तेच गाव. एकीची नोंद दुसरीच्या खात्याला चिकटली होती. म्हणून मी म्हणते, स्कोअरचा आकडा बघून रडत बसू नका, आधी आतली पाने वाचा.

चुकीच्या नोंदीची तक्रार फुकट करता येते. ती पत-माहिती कंपनीकडे करायची, ती कंपनी बँकेकडे विचारणा करते. ३० दिवसांत निकाल लावायचा असतो, नाही लावला तर पुढे दररोज १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. तिथेही काम झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मोटारसायकल अशी निघाली. शेळ्यांच्या कर्जाचे जे पैसे ‘सोडले’ होते ते ताईंनी भात विकून भरले, कंपनीकडून काही बाकी नसल्याचा दाखला घेतला आणि नोंद ‘क्लोज्ड’ करून घेतली. यासाठी शाखेत पाच खेपा झाल्या. हे काम पैसे घेऊन करून देतो म्हणणारे एजंट आता तालुक्याच्या ठिकाणी बसू लागले आहेत. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही आणि खोटी नोंद काढायला पैसे लागत नाहीत. मग एजंट कशाला?

एवढे केल्यावर स्कोअर लगेच वर जाईल असे वाटते. तसे होत नाही. जुन्या उशिराच्या हप्त्यांच्या खुणा राहतात. सिबिलच्या अहवालात ३६ महिन्यांपर्यंतचा हप्त्यांचा इतिहास दिसतो. त्या पुसता येत नाहीत, पण त्यांच्यावर नव्या, वेळेवर भरलेल्या नोंदी चढवता येतात. आता अडचण अशी की नव्या नोंदीसाठी नवे कर्ज हवे, आणि नाव खराब म्हणून नवे कर्ज कोणी देत नाही. दाराची किल्ली दाराच्या आत.

इथे मुदत ठेवीवरचे क्रेडिट कार्ड कामाला येते. बँकेत आपल्या नावाने मुदत ठेव ठेवायची. बँक ती तारण धरते आणि तिच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांइतकी, काही बँका पूर्ण रकमेइतकी मर्यादा असलेले कार्ड देतात. काही बँकांत पाच-दहा हजारांच्या ठेवीवर मिळते, काहींत वीस-पंचवीस हजार लागतात. बँकेला धोका नाही, म्हणून जुना स्कोअर खराब असला तरी बहुधा कार्ड मिळते. ठेवीवर व्याज चालू राहते. आणि मुख्य म्हणजे या कार्डाचीही नोंद पत-माहिती कंपन्यांकडे जाते. २०२५ च्या जानेवारीत ही माहिती दर पंधरा दिवसांनी पाठवण्याचा नियम लागू झाला.

सगळ्या शाखांत हे मिळत नाही. खेड्यातल्या शाखेत ‘असे काही नसते’ असेही उत्तर मिळेल. तेव्हा वाद न घालता जिल्ह्याच्या शाखेत विचारावे. पॅन कार्ड आणि पूर्ण केवायसी लागते. वार्षिक फी नसलेले कार्ड मागा. सोबत विमा घ्या म्हणतील, नको म्हणा.

ताईंनी १०,००० रुपयांची ठेव केली. कार्डाची मर्यादा मिळाली ९,०००. आम्ही ठरवले की महिन्याला दोन-अडीच हजारांच्या वर वापरायचे नाही, कारण मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत वापर ठेवलेला बरा. नवे काहीच घ्यायचे नाही. गॅस, मोबाईलचे रिचार्ज, मुलीच्या बसचा पास, म्हणजे जे रोख घेतलेच असते तेच कार्डावर. त्याचे रोख पैसे त्याच दिवशी डब्यात टाकायचे. बिल आले की डबा फोडून खात्यात भरायचे.

बिलावर दोन आकडे असतात. एक पूर्ण रक्कम, दुसरी ‘किमान देय’. किमान देय हे गोड बोलणे आहे. तेवढेच भरले तर नोंद वेळेवर पडते, पण राहिलेल्यावर व्याज चालू होते, आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. बऱ्याच कार्डांचा व्याजदर महिन्याला शेकडा तीन ते पावणेचार रुपये असतो. शेकड्याचा हिशेब आपल्या आजीलाही कळतो. सावकाराची आठवण यावी असाच हा दर आहे. कार्ड चकचकीत आहे म्हणून दर बदलत नाही.

कार्डाने एटीएममधून रोख काढायची तर बहुतेक ठिकाणी त्याच दिवसापासून व्याज, वर फी. आमच्या ओळखीच्या एका दादांनी मुलाच्या लग्नात असेच केले. मर्यादा संपेपर्यंत रोख काढली, नंतर ऊसतोडीला निघून गेले, सिमकार्ड बदलले. बिले जुन्या नंबरवर येत राहिली. शेवटी बँकेने ठेव मोडून पैसे वळते करून घेतले. ठेव गेली आणि थकबाकीची नोंदही पडली, म्हणजे स्कोअर आधीपेक्षा खाली. तेव्हा मी स्पष्ट सांगते, ज्या घरात आजारपण चालू आहे, लग्न ठरले आहे किंवा मुकादमाची उचल अंगावर आहे, त्यांनी हे कार्ड सध्या घेऊ नये. आधी उचल फिटू द्या.

जे दिवाळी ते होळी बाहेर असतात त्यांनी बचत खात्यातून ‘पूर्ण रक्कम’ आपोआप वळती होण्याची सोय लावावी आणि जाताना खात्यात पैसे ठेवून जावे, किंवा त्या महिन्यांत कार्ड घरी पेटीत ठेवावे. न वापरल्याने नाव खराब होत नाही. फक्त वर्षभर वापरले नाही तर बँक कळवून ते बंद करू शकते. दोन-तीन दिवस उशीर झाला तर घाबरू नका, तीन दिवसांच्या पुढे गेले तरच बँकेने थकबाकी कळवायची, असा नियम आहे. पण मुद्दाम त्या तीन दिवसांवर विसंबू नका.

ताईंचे कार्ड चौदा महिने चालले आहे. आकडा सहाशेच्या आतून सातशेच्या पुढे सरकला. मुलीचे पहिले वर्ष मामाने आणि चुलत्याने मिळून भरले. दुसऱ्या वर्षासाठी बँकेने अर्ज घेतला, आणखी तीन कागद मागितले, आणि कर्ज मंजूर केले. जरा उशिराच, पण केले. रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही, बँका आपापले नियम लावतात. म्हणून एका शाखेने नाही म्हटले म्हणजे सगळे संपले असे नव्हे, हेही लक्षात असू द्या.

आता आपल्या हितचिंतकांसाठी दोन शब्द. हे ऐकून पुण्याच्या एका भाऊंनी मला फोन केला, की मी वीस बायकांच्या ठेवी भरतो. त्यांचे मन मोठे आहे. मी नको म्हटले. ठेव दुसऱ्याची असली की कार्डही दुसऱ्याचे वाटते. ताईंचे दहा हजार भगरीचे, मोहाचे आणि मजुरीचे होते, ते जाऊ नयेत म्हणून त्या बिलाची तारीख भिंतीवर कोळशाने लिहून ठेवत. पैशांऐवजी आम्हाला वेळ द्या. इंग्रजी वाचणारी, फोनवर अहवाल काढता येणारी, एका माणसाबरोबर शाखेत पाच खेपा घालायला तयार असलेली तरुण मंडळी हवी आहेत.

आणि जामीन राहू नका असे मी म्हणणार नाही, पण नीतिसूत्रांच्या पुस्तकात जामिनाविषयी सावध केले आहे ते आपण जाणताच. त्याला आजचे कारण जोडते. कर्जदाराने हप्ता चुकवला तर जामीनदाराच्या अहवालातही ते उमटते. सही करण्याआधी घरात दोघांनी बोलावे.

मंडळीत आपण आजारासाठी प्रार्थना मागतो, परीक्षेसाठी मागतो, पण थकलेल्या हप्त्याविषयी कोणी तोंड उघडत नाही. वसुलीवाला येतो तेव्हा मागच्या दाराने शेतात जातात. या ताई माझ्याकडे आल्या त्या तीन महिने विचार करून. तीन महिने आधी आल्या असत्या तर मुलीचे पहिले वर्षही कदाचित बँकेतून भरले गेले असते.

पुढच्या महिन्यापासून दर दुसऱ्या शनिवारी दुपारी मंदिराच्या मागच्या खोलीत आम्ही अहवाल काढायला बसणार आहोत. येताना आधार, पॅन आणि ज्या मोबाईलवर ओटीपी येतो तो मोबाईल घेऊन या, मुलाकडे असेल तर मुलालाच घेऊन या. जुनी कर्जपुस्तके, पावत्या, फाटलेल्या असल्या तरी आणा. ओटीपी कोणालाही सांगू नका, मलाही नाही. तो तुम्हीच टाकायचा. खोलीचे दार लावलेले असेल आणि एका वेळी एकाच कुटुंबाला आत घेऊ.