दिवाणखान्यातील मोटार

दिवाळी जवळ आली किंवा वार्षिक परीक्षा संपली, की शहरांतील पुष्कळशा घरांतून एक मागणी हटकून पुढे येते. मुलाला रिमोटची गाडी हवी असते. वडील बाजारात जातात, खोक्यावरील चित्र पाहतात, दुकानदार सांगेल तो वेग ऐकून घेतात आणि परवडेल त्यांतली सर्वांत मोठी व वेगवान गाडी घेऊन घरी येतात. पहिल्या दिवशी घरभर आनंद असतो. दुसऱ्या दिवशी ती गाडी कपाटावर आदळते, तिसऱ्या दिवशी आजीच्या पायावर, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच पुढचे चाक निखळून तिची रवानगी माळ्यावर होते. पैसे गेले याचे दुःख थोडे. परंतु यंत्राविषयी जे कुतूहल मुलाच्या मनात नुकते कोठे जागे होत होते, तेही तिच्याबरोबर माळ्यावर जाऊन पडते, ही हानी अधिक मोठी होय. ती टाळावयाची असेल, तर निवडीचा क्रम उलटा केला पाहिजे. आधी खोली पाहावी, आणि मग त्या खोलीला शोभेल अशी गाडी शोधावी.

ज्या बिनतारी लहरींच्या साहाय्याने आकाशवाणीवरील भाषण घरोघरी पोहोचते, त्याच जातीच्या लहरी या गाडीलाही हाकीत असतात. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हौदातील एक छोटी नाव कोणत्याही तारेवाचून चालवून दाखविली, तेव्हा पाहणाऱ्यांना तो चमत्कार वाटला. पुढे ही विद्या खेळण्यांत उतरली. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्श ९३४ या मोटारीची १/१२ मापाची प्रतिकृती बाजारात आणली आणि या छंदाला मोठा वर्ग मिळाला. पण या गाड्यांना अंगण, मैदान किंवा मोकळा रस्ता लागे. क्योशो या दुसऱ्या जपानी कंपनीने १९९९ साली ‘मिनी-झेड’ ही मालिका काढली. तिच्या गाड्या सुमारे १/२८ मापाच्या, लांबीने वीतभरही नसलेल्या आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतात तशा चार बारीक सेलांवर चालणाऱ्या होत्या. घरात चालवावयाची म्हणून मुद्दाम आखलेली आणि तरीही खरी शर्यत खेळता येईल इतकी नेमकी गाडी म्हणून या मालिकेचा आजही दाखला दिला जातो.

खोक्यावर १/१०, १/१८, १/२४, १/२८ असे जे अपूर्णांक छापलेले असतात, त्यांचा अर्थ सोपा आहे. खरी मोटार साडेचार मीटर लांब धरली, तर १/१० मापाची गाडी ४५ सेंटिमीटर, १/१८ मापाची २५ सेंटिमीटर आणि १/२८ मापाची सुमारे १६ सेंटिमीटर भरते. १/७६ मापाची गाडी तर अवघी सहा सेंटिमीटर, म्हणजे काडेपेटीहून फारशी मोठी नसते. परंतु लांबी कमी होते त्याहून वजन फार झपाट्याने कमी होते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. लांबी, रुंदी व उंची ही तिन्ही निम्मी झाली, की वजन निम्मे न होता सुमारे अष्टमांशावर येते. दीड किलोची १/१० मापाची गाडी टीपॉयच्या काचेवर आदळली तर काच जाते आणि गाडीही जाते. सुमारे दोनशे ग्रॅमची छोटी गाडी त्याच वेगाने आदळली तर बहुधा उलटी होऊन पडते, आणि सुलटी केली की पुन्हा धावू लागते. घरासाठी लहान माप का घ्यावे, याचे हेच मुख्य कारण आहे.

आता वेगाविषयी. साधारण दिवाणखान्याची लांबी बारा फूट, म्हणजे साडेतीन मीटरांच्या थोडी वर धरू. १/२८ मापाच्या काही गाड्यांच्या खोक्यांवर ताशी ३० किलोमीटर वेग अभिमानाने छापलेला असतो. या वेगाने गाडी सेकंदाला आठ मीटरांहून अधिक अंतर कापते. म्हणजे तो सारा दिवाणखाना तिला अर्धा सेकंदही पुरत नाही. उलटपक्षी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मनाला कळून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत गाडी दोन मीटर पुढे गेलेली असते. अशा स्थितीत मूल गाडी चालवीत नसते, गाडी भिंतीवर कशी आपटते ते पाहत असते. तीच गाडी ताशी सात किलोमीटरांनी चालली, तर पाव सेकंदात ती अर्धा मीटरच जाते. वळण दिसते, विचार करावयास सवड मिळते आणि हात वेळेवर वळतो. शिवाय सात किलोमीटर हा वेग कमी दिसणारही नाही. १/२८ मापाच्या गाडीचा हा वेग तिच्या आकाराच्या हिशेबाने जवळजवळ ताशी दोनशे किलोमीटरांसारखा भासतो. जमिनीवर पालथे पडून पाहणाऱ्या मुलाला तेवढे पुरेसे असते. वेगवान गाडी आधीच घेतलेली असल्यास तिच्या रिमोटवर वेगाची मर्यादा घालण्याची सोय आहे की काय ते पाहावे. अनेक चांगल्या रिमोटांवर ती असते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नियंत्रणाचा प्रकार, आणि खोक्यावरील चित्रात नेमकी हीच दिसत नाही. स्वस्त खेळण्यांत सुकाणूच्या तीनच अवस्था असतात. पूर्ण डावीकडे, सरळ आणि पूर्ण उजवीकडे. वेगाच्याही दोनच, थांबलेली व भरधाव. छंदासाठी बनविलेल्या गाडीत मात्र हाताने रिमोटचे चाक जितके फिरवावे तितकीच गाडीची चाके वळतात, आणि घोडा जितका दाबावा तितकाच वेग वाढतो. गाडीतील सर्व्हो नावाचा छोटा भाग चाके किती वळली आहेत याची सारखी नोंद घेतो आणि हाताच्या आज्ञेशी ती ताडून पाहत असतो. दोहोंतील फरक लिहिणाऱ्याच्या लेखणीत आणि रबरी शिक्क्यात असतो तेवढा आहे. शिक्का एकच ठसा उमटवितो, लेखणीने मात्र अक्षर घोटता येते. याची परीक्षा दुकानातच अर्ध्या मिनिटात होते. गाडी हातात उचलून धरावी आणि रिमोटचे चाक किंचित फिरवावे. पुढची चाके किंचितच वळली तर गाडी घेण्याजोगी. ती एकदम टोकाला गेली तर ते निव्वळ खेळणे समजावे. अगदी लहान मुलासाठी तेही वावगे नाही. परंतु सात-आठ वर्षांच्या पुढील मुलाला ते फार दिवस रमवू शकत नाही.

त्यानंतर जमिनीकडे पाहावे. गुळगुळीत फरशीवर मागच्या दोन चाकांनी चालणारी गाडी थोडा वेग वाढविताच गिरकी घेते. चारही चाकांना गती देणारी गाडी नवशिक्याला सांभाळून घेते. फरशीवर धूळ असली की मऊ रबरी टायरांची पकड सुटते, म्हणून खेळण्यापूर्वी केर काढावा आणि टायर ओल्या फडक्याने पुसावेत. मुलाने स्वतः केर काढण्यासाठी याहून चांगले निमित्त मिळणे कठीण. घसरत घसरत वळणे घेणे हाच ज्यांना खेळ वाटतो, त्यांच्यासाठी कठीण प्लास्टिकच्या टायरांच्या गाड्या असतात आणि त्यांना गुळगुळीत फरशीच मानवते. अगदी छोट्या, सहा सेंटिमीटरांच्या गाड्या टेबलावरही धावतात. मात्र त्यांचे पोट जमिनीपासून इतके खाली असते की सतरंजीच्या काठाशीच त्या अडून बसतात.

घर फारच लहान असेल, तर वेगाची हौस बाजूस ठेवून डोंगर चढणारी गाडी घ्यावी. अ‍ॅक्सियल कंपनीची २०१९ साली निघालेली १/२४ मापाची ‘एससीएक्स२४’ आणि ट्रॅक्सास कंपनीची २०२२ साली निघालेली १/१८ मापाची ‘टीआरएक्स-४एम’ या त्या जातीच्या गाड्या होत. त्या माणसाच्या चालीने किंवा त्याहूनही सावकाश चालतात, पण उशा, पुस्तकांच्या थप्प्या, पाट, पायऱ्यांवर टेकविलेली फळी, असे काहीही चढून जाण्याचा प्रयत्न करतात. दहा फुटांची खोली येथे अपुरी पडत नाही. कोणते चाक कोठे टेकवावे याचा विचार करण्यातच अर्धा तास निघून जातो, आणि शेजारच्या खोलीत कोणी अभ्यास करीत असेल तर त्याचीही शांतता फारशी भंग पावत नाही.

घरात दोन मुले असतील तर आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. जुन्या पद्धतीच्या २७ मेगाहर्ट्झच्या खेळण्यांत एकाच लहरीवरील दोन गाड्या एकत्र चालविल्या, तर एकाचा रिमोट दुसऱ्याच्या गाडीला हाकू लागतो आणि भांडणाला निराळे कारण लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पद्धतीत प्रत्येक रिमोटची आपल्या गाडीशी गाठ बांधलेली असते, त्यामुळे अनेक गाड्या एकाच खोलीत सुखाने नांदतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र हयगय करू नये. पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड जातीचे बारीक सेल घरगुती वापरास सर्वांत निर्धोक. लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या व जोरकस असतात, परंतु त्या घरात कोणी जागे नसताना चार्ज करण्यास लावू नयेत, त्यांच्यासाठी ठरविलेलाच चार्जर वापरावा, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही वापरू नये. काही लहान रिमोटांत बटणासारखे चपटे सेल असतात. असा सेल तान्ह्या मुलाने गिळला तर दोन तासांच्या आत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून सेलांचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह असणे १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. ते खोक्यावर शोधावे. छंदाच्या गाड्यांवर बहुधा चौदा वर्षांवरील व्यक्तींसाठी असा उल्लेख आढळतो. अशी गाडी लहान मुलासाठी घेतली, तर वडील माणसाने जवळ बसणे ओघानेच आले.

शेवटचा प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावा, तो म्हणजे सुटे भाग मिळतात काय? गाडी आज ना उद्या मोडणारच. गिअरचा दात तुटेल, पुढचा दांडा वाकेल, आसाभोवती केस व दोरे गुंडाळले जातील. जिचे गिअर, टायर व दांडे निराळे विकत मिळतात, ती गाडी वर्षानुवर्षे टिकते. जिचे मिळत नाहीत, ती पहिल्याच अपघातात निकामी होते, मग ती कितीही स्वस्त का पडेना. चार स्क्रू काढून, आसावरचे केस चिमट्याने ओढून, गिअर बदलून बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो नवी गाडी हाती घेतानाच्या आनंदाहून निराळा असतो. पहिला आनंद मिळालेल्या वस्तूचा, हा दुसरा मिळविलेल्या ज्ञानाचा.

तेव्हा खरेदीस निघण्यापूर्वी वडिलांनी मुलाच्या हाती मोजपट्टी द्यावी आणि खोली मोजावयास सांगावे. खडूने फरशीवर मार्ग आखावा, वळणांच्या जागी पुस्तके किंवा वाट्या मांडाव्यात, आणि या मार्गावर कोणती गाडी चालेल याचा विचार दोघांनी मिळून करावा. अशा रीतीने निवडलेली गाडी बहुधा दुकानातील सर्वांत मोठी नसेल, सर्वांत वेगवानही नसेल. परंतु पुढच्या दिवाळीला ती माळ्यावर न सापडता फरशीवरच सापडण्याचा संभव पुष्कळ अधिक आहे.