माहितीचा हक्क : दोन शेजाऱ्यांची कहाणी



वर्णभेदी राजवटीतील गुप्तता सोसलेल्या दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या राज्यघटनेत माहितीचा हक्क नमूद केला आणि २००० साली त्यासाठी कायदा केला. हक्कांच्या रक्षणासाठी आवश्यक असेल तर खासगी संस्थांकडील माहितीही तेथे मागता येते. शेजारच्या झिंबाब्वेने २००२ साली केलेल्या कायद्याच्या नावातही ‘माहिती’ होती. प्रत्यक्षात मात्र वृत्तपत्रांवर सक्तीच्या नोंदणीचा अंकुश आला आणि २००३ मध्ये ‘डेली न्यूज’ हे दैनिक बंद पडले. २०२० साली तो कायदा रद्द होऊन नवा आला.

दक्षिण आफ्रिकेप्रमाणे आपल्याकडेही अर्जास उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. ती पाळणे आपणा अधिकाऱ्यांच्याच हाती आहे. कायद्याची खरी कसोटी आपल्या टेबलावरच लागते, याचे भान आपण ठेवू या.