पाळण्यापासून तारुण्यापर्यंत

(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या गुणवंत विद्यार्थ्यांचा आज सत्कार झाला. मुलांच्या विद्येबरोबर त्यांच्या देहाचीही चिंता ज्ञातीने वाहावी, एवढ्याचसाठी आम्ही आपला थोडा वेळ घेत आहोत.

शाळेत असताना आम्ही मुलांची उंची व वजने नोंदवीत असू. त्यावरून मूल आज कसे आहे एवढेच कळे. ते तसे का झाले, हे जाणण्यास तेच मूल वर्षानुवर्षे पाहावे लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम सन १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत आरंभिले, आणि तेही गर्भधारणेच्या आधीपासून, भावी मातांच्या तपासणीने.

पुढे सातशेहून अधिक बालके जन्मली. त्यांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. नवल हे की, आपली बालके कृश असूनही त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या व फळे वारंवार असत, त्यांची बालके अधिक भरलेली आढळली. सुमारे दोनतृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव होती.

ही बालके अठरा वर्षांची झाली, तेव्हा मुलांपैकी शेकडा ३७ आणि मुलींपैकी शेकडा १८ जणांच्या रक्तातील साखर प्रमाणाबाहेर जाऊ लागलेली दिसली. आणि ही मंडळी सर्वसाधारणपणे सडपातळच होती! मधुमेह हा केवळ स्थूल व सुखवस्तू माणसाचा रोग, हा आपला समज येथे खोटा ठरतो. त्याची काही मुळे मातेच्या उदरातच असतात.

या ज्ञानाचे श्रेय संशोधकांइतकेच त्या खेडुतांचेही आहे. अठरा वर्षांनंतरही दहांपैकी नऊहून अधिक मुले तपासणीस आली. एवढी चिकाटी सुशिक्षितांतही विरळा!

आपल्या घरांत काय घडते? सर्वांची पाने उठल्यावर सून जेवावयास बसते. दूध मुलाला आणि उरले तर मुलीला. ज्या मुलीचे ताट आज आपण रिकामे ठेवतो, तिच्याच उदरी उद्याची पिढी वाढावयाची आहे. म्हणून आमची विनंती एवढीच : मुलगी वयात येण्यापूर्वीच तिच्या आहाराकडे लक्ष द्या, गरोदर सुनेला सर्वांबरोबर पानावर बसवा, आणि सडपातळ तरुणाचीही साखर वेळेवर तपासून घ्या.