मासे, मुले आणि दीड तिकीट



समुद्रातील जीवसृष्टी मुलांना प्रत्यक्ष दाखवावी, ती बेताच्या खर्चात दाखवावी, आणि दाखविल्यानंतर त्यांच्या पदरात काही पडावे, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. हा विषय मजकडे कोणत्या वाटेने आला ते आधी सांगतो; नाही तर पुढील बोलणे निव्वळ उपदेशासारखे वाटेल.

मी जन्मभर मास्तरकी केली. शाळा ही वस्तू मला देवळाच्या ठिकाणी. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी सूनबाईंनी आमच्या नातीस शाळेतून काढून घरीच शिकविण्याचे ठरविले, तेव्हा मी चार दिवस घरात कोणाशी धड बोललो नाही. 2009 सालच्या शिक्षणहक्क कायद्याचा दाखला मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "बाबा, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून तिला पुढे दहावीस बसता येईल. तोवर तिला काय येते ते तुम्हीच पाहा." मुलीस शिकविण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली होती. म्हणजे घरात मिळकत एकाची, आणि दाखविण्यासारख्या गोष्टी मात्र जगभरच्या. माझा विरोध मावळला असे मी म्हणत नाही. तथापि "नात काय शिकते ते पाहतो" असे कबूल करून बसलो, आणि त्या कबुलीतच अडकलो.

गेल्या वर्षी ती नऊ वर्षांची असताना तिने समुद्रातील मासे जिवंत पाहण्याचा हट्ट धरला. आम्ही कोल्हापूरकर, समुद्र सह्याद्रीपलीकडे. मला आठवले ते मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय. मरीन लाइन्सजवळ 1951 साली उघडलेले हे मत्स्यालय महाराष्ट्रातील पिढ्यान्‌पिढ्यांच्या शालेय सहलींचे ठरलेले ठिकाण. परंतु 2020 साली त्याचे दरवाजे मिटले, आणि त्या जुन्या काचा तिला दाखविण्याचा मार्ग खुंटला.

खरे सांगावयाचे तर त्या आठवणीने मला सुखही वाटले नाही. 1987 साली मी त्रेचाळीस मुलांना घेऊन तेथे गेलो होतो. एका दिवसात गेटवे, राणीचा बाग, मत्स्यालय आणि चौपाटी उरकावयाची होती. माझ्या गळ्यात शिट्टी. पंचवीस मिनिटांत सर्व टाक्यांपुढून रांग बाहेर काढली, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला! एक मुलगा मात्र एका टाकीपुढे खिळून राहिला होता. त्याने विचारले, "सर, हा मासा सारखे पाणी पितो, तर फुगत कसा नाही?" मी त्याचा कान धरून त्यास रांगेत आणले. मजकडे उत्तर नव्हते, हे त्यास कळू नये म्हणून कान धरला असावा, असे आता वाटते.

उत्तर असे आहे. तोंडातून घेतलेले पाणी मासा कल्ल्यांवरून वाहवितो, त्यातील प्राणवायू रक्तात शोषून घेतो, आणि पाणी कल्ल्यांच्या झाकणाखालून बाहेर सोडतो. ते पिणे नव्हे, श्वास आहे. परंतु प्रश्न एवढ्यावर संपत नाही. बहुतेक समुद्री मासे खरोखरीच पाणी पितात. त्यांच्या रक्तापेक्षा समुद्र अधिक खारा असल्यामुळे अंगातील पाणी सतत बाहेर पाझरते, म्हणून ते पितात आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकून देतात. नदीतील माशाचे उलट. त्याच्या अंगात पाणी आपोआप शिरते, म्हणून तो जवळजवळ पीत नाही आणि लघवी फार करतो. म्हणजे त्या पोराचा प्रश्न त्याच्या मास्तराच्या शास्त्रज्ञानाहून मोठा होता.

तेव्हा यावेळी शिट्टी घ्यावयाची नाही, एवढे मी ठरविले. मुंबईऐवजी रत्नागिरी निवडली. तेथे झाडगावास कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, आणि त्याचे मत्स्यालय व संग्रहालय आहे. आता खर्चाचे ऐका. मी पासष्टी ओलांडलेली, म्हणून एस. टी. चे अर्धे तिकीट. स्त्रियांना मार्च 2023 पासून अर्धे. बारा वर्षांखालील मुलास अर्धे. तीन माणसे आणि दीड तिकीट! हा हिशेब नातीनेच केला, आणि अपूर्णांकांचा धडा घाटात बस चढण्यापूर्वीच आटोपला. रात्रीपुरते एका आप्तांकडे उतरलो. अशा सहलीत प्रवेशाची पावती लहान आणि प्रवासाचा खर्च मोठा असतो. म्हणून काटकसर तिकिटात शोधू नये, गेल्यासारखे पुरते पाहून यावे.

पुरते पाहण्याची तयारी घरून करावी लागते. आम्ही ती मासळीबाजारात केली. आमच्या घरी मासळी शिजत नाही, त्यामुळे मला पाहून तेथील बाई प्रथम हसल्या. पण नातीने विचारताच त्यांनी पापलेट, बांगडा, सुरमई एकेक उचलून दाखविली. बांगड्याच्या कल्ल्यावर एकच झाकण असते. मुशीस झाकण नाही, बाजूस पाच उघड्या चिरा. आणि तिच्या अंगात हाडे नसून नुसती कूर्चा. घोळीच्या डोक्यात दोन पांढरे खडे असतात, त्यांतील वलये मोजून शास्त्रज्ञ माशाचे वय ठरवितात, हे मी तेथे सांगितले, तर त्या बाई म्हणाल्या, "खडे ठाऊक होते गुरुजी, वय नव्हते ठाऊक." या शाळेस फी एक पैसा नाही. फक्त गिऱ्हाइकांची गर्दी ओसरल्यावर जावे.

दुसरी फुकट शाळा ओहोटीची. कोकणात जुना आडाखा आहे की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. द्वितीयेस दोनाची पाऊणपट दीड, म्हणून दीडच्या सुमारास भरती. तीमधून सहा तासांहून थोडे अधिक वजा केले की सकाळी सव्वासातच्या आसपास ओहोटी. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या लगत उधाण असल्यामुळे पाणी फार दूरवर हटते, आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. आडाखा अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो. यास्तव जागेवर होडीवाल्यांस विचारल्यावाचून पाऊल टाकू नये, पाणी फिरताच मागे यावे, आणि पावसाळ्यात हा बेतच करू नये. आम्ही वद्य द्वितीयेस गेलो. खडकातील डबक्यांत शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे, कालवे, आणि बोटाची सावली पडताच मिटणारे समुद्रफूल, हे सर्व तासाभरात दिसले. काही घरी न्यावे असे नातीस फार वाटले. मी तिला विलायतेतील हकीकत सांगितली. 1853 साली लंडनच्या प्राणिबागेत पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. फिलिप गॉस यांच्या पुस्तकांनी घरोघरी काचेच्या टाक्यांचे वेड लागले. आणि लोकांनी किनाऱ्यावरची डबकी इतकी लुटली की त्यांच्याच मुलाने 1907 साली त्या उजाड किनाऱ्यांबद्दल हळहळ छापली. आपल्याकडे तर पोवळी आणि समुद्रघोडे यांस 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. नातीने ओंजळीतला शंखवाला खेकडा होता तेथेच ठेवला, पण तोंड जरा फुगलेलेच होते.

मग मत्स्यालय. वार मुद्दाम आठवड्याच्या मधला निवडला होता. शनिवार-रविवारची झुंबड टाळता येणे, हा घरी शिकणाऱ्यांचा एक मोठाच फायदा, हे मला येथे कबूल केले पाहिजे. अशा ठिकाणी सुटीचा वार आणि माशांना खाऊ घालण्याची वेळ आधी विचारून जावे. आमचा नियम एकच होता: सगळ्या टाक्यांवरून एकदा नजर फिरवावयाची, आणि मग आवडीच्या एकीपुढे बसावयाचे. नातीने घड्याळ लावून एका माशाचे तोंड मिनिटास किती वेळा उघडते ते तीनदा मोजले. शेजारी एक गृहस्थ काचेवर टिचक्या मारीत होते. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि माशाच्या दोन्ही कुशींवर कंपने जाणणारी रेघ असते, हे तिने त्यांस सांगितले. मी तिला आवरणार होतो, आवरले नाही.

तेथील संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे. त्याच्या बरगड्यांखाली उभी राहून ती म्हणाली, "आजोबा, हा मासा आहे का?" आपल्या भाषेने त्याच्या नावातच मासा घातला, म्हणून ही शंका मराठी मुलास येणारच. मी उलट विचारले, "बाजारात माशाची शेपटी कशी होती?" ती थोडा वेळ गप्प राहिली, मग तिने तळहात उभा धरून डावा-उजवा हलविला. देवमाशाची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलास दूध पाजतो, आणि त्याच्या पुढील परांच्या आत आपल्या हातासारखीच दंडाची, मनगटाची, बोटांची हाडे असतात. ती आपला हात पाहत राहिली. मीही पाहिला. या एका सांगाड्यापुढे आमचा पाऊण तास गेला, आणि कोणी हटकले नाही.

मुंबईच्या श्रोत्यांना एक सुचवितो. भायखळ्याच्या राणीच्या बागेत 2017 सालच्या मार्चपासून पेंग्विन पाहावयास मिळू लागले, आणि त्याच वर्षी आई, बाप व दोन मुले अशा कुटुंबास मिळून 100 रुपये प्रवेशमूल्य ठरले होते. पक्षी असून पोहतो आणि उडत नाही, या एका प्राण्यावर दोन दिवसांचा अभ्यास सहज निघतो. मात्र गेटवे आणि चौपाटी त्याच दिवशी जोडू नये. ते मी करून पाहिलेले आहे.

परतीच्या बसमध्ये नातीच्या वहीत नऊ प्रश्न होते. त्यांतील चारांची उत्तरे मला आली, दोन सूनबाईंनी पुस्तकात शोधली. उरलेल्या तिहींसाठी केंद्रातील शास्त्रज्ञांस पत्र धाडले आहे. पत्राखाली नातीची सही आहे, आणि तिच्या आग्रहावरून माझीही.